पेट्यांसाठी मिशन आहे, बांधासाठी काय?

फेब्रुवारी-मार्चमध्ये बुलडाणा, जालना, अहिल्यानगर, नाशिक भागातले कांदा बीजोत्पादनाचे प्लॉट फुलोऱ्यावर येतात. गोंडे पांढरेशुभ्र दिसतात, पीक जोमदार असते, खत-पाण्यात काही कमी नसते. तरीही मळणीच्या वेळी गोंड्यात बी कमी आणि फोलपट जास्त निघते. मग बियाणे खराब होते, हवामान फिरले, फुलकिडे आले अशी कारणे निघतात. त्यातली काही खरीही असतात. पण कांद्याच्या फुलाची रचना पाहिली, तर आणखी एक कारण तपासावे लागते. कांद्याच्या एका फुलात परागकण आधी मोकळे होतात आणि त्याच फुलाचा स्त्रीकेसर नंतर तयार होतो. म्हणजे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलापर्यंत कोणीतरी नेऊन पोहोचवावे लागतात. हे काम कीटक करतात. नेमके याच काळात फुलकिड्यांसाठी फवारणी सुरू असते.

अशा वेळी हल्ली पहिला सल्ला मिळतो तो मधपेट्या ठेवण्याचा. सल्ला चुकीचा नाही. केंद्र सरकारने राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासाठी २०२०-२१ ते २०२२-२३ या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. पुढे उरलेल्या ३७० कोटींसह त्याला २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. त्यातून मध तपासणीच्या प्रयोगशाळा, संकलन केंद्रे, नोंदणीसाठी ‘मधुक्रांती’ पोर्टल अशी कामे उभी राहिली. महाराष्ट्रात खादी व ग्रामोद्योग मंडळाने २०२२ मध्ये महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर केले. मधाला बाजार आहे, पेटीला अनुदान आहे, पेटी मोजता येते, तिचा फोटो काढता येतो.

पण आपल्या शिवारातले बरेचसे परागीभवन ज्या माश्या करतात, त्या पेटीत राहतच नाहीत. त्यांच्यासाठी कोणत्याही अर्जात रकाना नाही. त्यांचे घर म्हणजे आपला बांध, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शिवारातून सर्वांत जास्त काही आक्रसले असेल तर तो हा बांधच आहे.

पेटीत न मावणाऱ्या माश्या

पेटीत पाळता येणाऱ्या माश्या मुख्यतः दोन. सातेरी ही आपली देशी, सह्याद्रीच्या पट्ट्यात चांगली टिकणारी. आणि मेलीफेरा ही बाहेरून आणलेली, फुलोऱ्यामागे स्थलांतर करून जास्त मध देणारी. आग्या आणि फुलोरी या दोन्ही मधमाश्याच, पण उघड्यावर पोळे बांधणाऱ्या, त्यामुळे पेटीत न राहणाऱ्या. आग्या माशी उंच वड, पिंपळ, कडेकपारी, पाण्याची टाकी अशी जागा धरते आणि हंगामानुसार गाव बदलते. फुलोरीचे तळहाताएवढे पोळे झुडपात, डाळिंबाच्या फांदीत, कधी तुरीच्या झाडातही सापडते. कांदा, सूर्यफूल, करडई, धने या पिकांवर सकाळी उभे राहून पाहिले, तर बहुतेक वेळा याच दोघींची वर्दळ दिसते.

यापलीकडे एकट्याने राहणाऱ्या माश्यांचे मोठे कुटुंब आहे. जगात वीस हजारांहून जास्त प्रकारच्या माश्या आहेत आणि त्यातल्या बहुसंख्य एकट्या राहतात. त्यांच्यात ना राणी, ना पोळे, ना मध. मादी एकटीच घर करते, परागाचा गोळा ठेवते, त्यावर अंडे घालते आणि दार बंद करून निघून जाते. मध मिळत नाही म्हणून त्यांच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

तुरीचे उदाहरण घेऊ. तुरीचे फूल बंद पाकळ्यांचे असते. ते दाबून उघडायला अंगात जोर लागतो. पाने कापणारी माशी हे काम चांगले करते. गुलाबाच्या, तुरीच्या पानाच्या कडेला कंपासने कापावा तसा स्वच्छ अर्धगोल दिसला तर तो तिचा. हा अळीचा प्रादुर्भाव समजून फवारणी केल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. प्रत्यक्षात ती पानाचा तुकडा घरट्याला अस्तर म्हणून नेते, पिकाचे त्यात काही बिघडत नाही. इक्रिसॅटने विकसित केलेल्या संकरित तुरीचे बीजोत्पादन तर याच कीटकांच्या भरवशावर आहे. मादी ओळीत पराग तयारच होत नाहीत, त्यामुळे कीटक आले नाहीत तर शेंगही नाही.

टोमॅटो आणि वांग्याची गोष्ट वेगळी. त्यांचे पराग नळीसारख्या परागकोशात बंद असतात आणि टोकाच्या बारीक छिद्रातून बाहेर पडतात. काळा भुंगा किंवा पोटावर निळसर पट्टे असलेली माशी फुलाला मिठी मारून अंग थरथरवते, तेव्हा पराग मिठासारखे झडतात. मधमाशीला ही थरथर जमत नाही. ही पिके वाऱ्याच्या हलण्यानेही काही प्रमाणात फळ धरतात, पण माशीच्या भेटीने धारणा सुधारते. तिथे कितीही पेट्या ठेवल्या तरी हे काम होणार नाही. शेवग्यावरही मोठे काम काळ्या भुंग्याचेच. आंब्यावर तर माश्या म्हणजे खऱ्याच माश्या, घरमाशीच्या जातकुळीतल्या. म्हणून ऑस्ट्रेलियातले काही आंबा बागायतदार मोहोराच्या काळात बागेत मासळीचे टाकाऊ तुकडे ठेवून त्यांना बोलावतात. सीताफळाचे परागीभवन बारीक भुंगेरे करतात, आणि ते अपुरे पडतात म्हणून आपल्याकडे ब्रश घेऊन हाताने परागीभवन करणारे बागायतदार आहेत. फुकटचा मजूर गेला की त्या कामाची मजुरी किती पडते, हे त्यांना विचारावे.

२०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. जगभरातल्या ४१ पीक-प्रणाली आणि ६०० शेतांची माहिती त्यात एकत्र केली होती. रानटी कीटकांच्या भेटी वाढल्या तिथे सर्वच पीक-प्रणालींत फळधारणा वाढली; पाळीव मधमाश्यांच्या भेटींमुळे ती ठळकपणे वाढली अशा पीक-प्रणाली फक्त १४ टक्के निघाल्या. पेटी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. पेटी रानमाशीच्या कामात भर घालते, तिची जागा घेत नाही, एवढाच अर्थ आहे. शिवाय एकाच जातीवर सगळे ओझे टाकण्यात धोका असतो. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणूने दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतांश वसाहती संपवल्या होत्या.

बांध कोरला की काय जाते

बांध कोरणे हा आपल्याकडे भावकीच्या भांडणाचा विषय आहे. तहसील, मोजणी, कोर्ट अशी त्याची वाट. पण दोघेही कोरतात तेव्हा मधला बांध वितभर उरतो आणि त्याबद्दल मात्र कोणी भांडत नाही. जेसीबीने एकदा साफ केला, मग दर पावसाळ्यात तणनाशकाचा पंप फिरवला, उन्हाळ्यात पेटवून दिला, की बांध ‘स्वच्छ’ होतो. मीही काही वर्षे तसेच करत होतो. स्वच्छ बांध म्हणजे कामसू शेतकरी, अशी आपली समजूत आहे.

एकट्या राहणाऱ्या माश्यांपैकी सुमारे सत्तर टक्के जाती जमिनीत घर करतात. त्यांना हवी असते न नांगरलेली, पाणी न साचणारी, अधूनमधून उघडी असलेली माती, शक्यतो सकाळचे ऊन लागणारा उतार. शिवारात अशी माती बांधाच्या कडेलाच उरते. पेन्सिल जाईल एवढे भोक आणि भोवती मातीचा छोटा ढिगारा दिसला की अनेकजण वाळवी किंवा मुंगी समजून तिथे औषध ओततात. उरलेल्या जाती वाळक्या लाकडात, पोकळ काड्यांत, बांबूत राहतात. बांधावरचा जुना पांगारा, वठलेली शेवग्याची फांदी, कुंपणाचा बांबू हे काळ्या भुंग्याचे घर असते.

पीकपद्धतीनेही यात भर घातली. मराठवाड्यात आणि विदर्भात एकेकाळी सूर्यफूल, करडई, जवस, तीळ, कारळा यांच्या पाटी असत. एक फुलोरा ओसरला की दुसरा सुरू. त्या जागी आता सोयाबीन आहे, आणि सोयाबीन स्वपरागीभवन करणारे पीक. माशीला त्यातून फारसे काही मिळत नाही. उसाचे तर विचारायलाच नको. सलग शे-दोनशे एकर उसात माशीच्या दृष्टीने दुष्काळ असतो, पाण्याची रेलचेल असली तरी.

जमीन सोडणे परवडते का?

युरोपात याला उत्तर म्हणून फुलांच्या पट्ट्या आल्या. शेताच्या कडेची काही मीटर जमीन पिकाखालून काढायची, तिथे फुलझाडांचे मिश्रण पेरायचे आणि सरकारने हेक्टरी ठरलेली रक्कम द्यायची. आपल्याकडे हे जसेच्या तसे चालणार नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर आहे. सव्वातीन एकरवाल्याला जमीन मोकळी सोडा म्हणणे सोपे नाही.

पण हिशेब करून पाहू. एक एकराचे चौकोनी शेत धरले तर चारही बाजू मिळून बांध साधारण २५५ मीटर होतो. एक मीटर रुंदीचा बांध ठेवला आणि त्यातला निम्मा शेजाऱ्याचा धरला, तर आपल्या वाट्याला सव्वा गुंठा जमीन येते. चाळीस गुंठ्यांतला सव्वा गुंठा, म्हणजे तीन टक्के. त्यातही बांधालगतचे तास तसेही सावली, मुळ्या आणि नांगर वळवण्यामुळे कमी पिकते.

इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायर परगण्यातल्या हिलसडेन येथील ९०० हेक्टरच्या व्यावसायिक शेतीवर असाच हिशेब प्रत्यक्ष तपासला गेला. काही भागात कडेची तीन टक्के, काही भागात आठ टक्के कमी पिकणारी जमीन पिकाखालून काढली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एकूण उत्पादन घटले नाही, काही पिकांत वाढले, आणि हा फरक वर्षागणिक स्पष्ट होत गेला. अमेरिकेतील मिशिगनमध्ये ब्लूबेरीच्या शेतांशेजारी रानफुले लावली तेव्हा पहिल्या दोन वर्षांत फरक पडला नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी रानमाश्या आणि उत्पादन दोन्ही वाढले.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. अनेक देशांतील प्रयोग एकत्र करून २०२० मध्ये आलेल्या विश्लेषणात फुलांच्या पट्ट्यांलगतच्या शेतांत नैसर्गिक कीड नियंत्रण सरासरी १६ टक्क्यांनी सुधारलेले दिसले, पण परागीभवनाचा परिणाम ठिकाणागणिक बदलता होता. जुन्या आणि विविध फुलांच्या पट्ट्यांचा गुण जास्त आला. त्यामुळे ‘बांधावर फुले लावा, उत्पादन दुप्पट’ असे कोणी सांगत असेल तर त्याला दुरून नमस्कार करावा.

अनुदानाचाही एक धडा आहे. इंग्लंडमधल्या ज्या योजनेतून अशा पट्ट्यांना पैसे मिळत, तिचे नवे अर्ज मार्च २०२५ मध्ये तडकाफडकी बंद झाले. तरतूद संपली, एवढेच कारण. तयारीत असलेले शेतकरी तसेच राहिले. आपल्याकडे उद्या असे काही आलेच, तर ते एका हंगामाच्या अर्जावर उभे राहू नये. बांधावरच्या माशीला वर्षभर घर लागते, योजनेच्या आर्थिक वर्षाशी तिला देणेघेणे नाही.

तरीही पैशाचा प्रश्न टाळता येत नाही, कारण बांध माझा असला तरी माशी माझी नसते. लहान माश्या काहीशे मीटरपर्यंत आणि आग्या काही किलोमीटरपर्यंत उडते. मी बांध राखला तर शेजाऱ्याच्या टरबुजाला फायदा होतो, आणि त्याने भर दुपारी फवारले तर माझ्या बांधावरच्या माश्या मरतात. एकट्याने करायचे आणि सगळ्यांना मिळायचे असे हे काम आहे. अशा कामाला गावाने किंवा सरकारने हातभार लावायचा असतो. पाणलोटात आपण हे मान्य केले. वरच्या शेतातला बांध खालच्या विहिरीसाठी आहे हे आता कोणाला पटवावे लागत नाही. बियाणे कंपन्या बीजोत्पादकांशी करार करतात, अलगीकरण अंतर काटेकोर मोजतात. त्याच करारात फुलोऱ्याच्या काळातल्या फवारणीची अट आणि बांध राखण्याचा मोबदला का असू नये? त्यांचा माल तर थेट या माश्यांवर अवलंबून आहे.

या हंगामात करता येईल असे

पहिले काम फवारणीचे, कारण त्याला जमीन लागत नाही आणि परिणाम त्याच आठवड्यात दिसतो. पीक फुलावर असताना कीटकनाशकाची फवारणी शक्यतो टाळावी. कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीवर गेली आहे का हे आधी मोजावे. घ्यावीच लागली तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर घ्यावी, असा सर्वसाधारण सल्ला आहे आणि कांदा, काकडी, कारले, डाळिंब यांना तो लागू पडतो. पण दोडका आणि दुधी भोपळा यांची फुले संध्याकाळीच उमलतात. तिथे दिवे लागणीला फवारले तर नेमके परागीभवनाच्या वेळी औषध फुलात जाते. या दोन पिकांत फवारणी सकाळी, आदल्या रात्रीची फुले मिटल्यावर घ्यावी. शेजारी सकाळी उमलणारे पीक असेल तर त्या बाजूला वारा नसताना. हा फरक सल्ला देताना बहुतेक वेळा राहून जातो.

दुसरा मुद्दा ठिबकमधून सोडायच्या आंतरप्रवाही औषधांचा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांसारखी औषधे झाडात भिनतात आणि परागात, मधुरसातही उतरतात. युरोपीय संघाने २०१८ मध्ये क्लोथियानिडिनसह या तिन्हींचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो याच कारणाने. वेलवर्गीय पिकांत फुलोऱ्याच्या तोंडावर ती मुळाशी देणे म्हणजे फुलातच देण्यासारखे आहे. बागेत झाडांखाली तणे फुललेली असतील, तर फवारणीच्या आदल्या दिवशी ती कापून घ्यावीत. पीक फुलावर नसले तरी माश्या खाली तणांवर असतात.

बांधाच्या बाबतीत एकच नियम पाळला तरी पुष्कळ: पूर्ण बांध एकाच वेळी कापू नये, आणि पेटवू तर नयेच. एका बाजूचा आज कापला तर दुसऱ्या बाजूचा महिनाभराने. कुर्डू, रानतुळस, टाकळा, रुई ही झाडे बांधावर असू द्यावीत. रुईवर काळा भुंगा कायम असतो. गाजरगवत मात्र फुलण्यापूर्वी उपटावे. आणि कापूस किंवा भेंडी असेल तर पेटारी बांधावर ठेवू नये, पिठ्या ढेकूण आणि पांढऱ्या माशीला ती आसरा देते. बांध राखणे म्हणजे तणांना मोकळे रान देणे नव्हे, ही शंका गावात पहिल्यांदा येते आणि ती रास्त आहे.

फुलोऱ्याचे गणित वर्षाचे लावावे. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंब व जांभूळ, एप्रिल-मेमध्ये करंज, पावसाळ्यात बाभूळ, त्यापुढे बोर, मग तूर, नंतर करडई आणि धने. आपल्या शिवारात कोणता महिना रिकामा जातो ते पाहावे. बहुतेक कोरडवाहू गावांत तो मेअखेर ते जुलै असतो. त्यासाठी पहिल्या पावसावर बांधाकडेला तिळाच्या किंवा तागाच्या दोन ओळी टाकल्या तर खर्च नगण्य येतो. झाडांच्या लागवडीला रोजगार हमीतून मदत मिळते का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्यावे.

घरट्यासाठी बांधाचा पूर्वेकडचा चार-पाच हात उतार निवडून तिथे कुदळ लावू नये, एवढेच. एका बाजूने पेर बंद असलेल्या, वीतभर लांबीच्या बारीक बांबूच्या काड्यांची जुडी पावसापासून आडोशाला, छातीच्या उंचीवर आडवी बांधली तर पाने कापणाऱ्या माश्या तिथे येतात. वर्ष-दोन वर्षांनी जुडी बदलावी, नाहीतर परजीवी आणि बुरशी माजते. आग्या मोहोळ लोकवस्ती किंवा शाळेजवळ नसेल तर त्याला धूर देऊ नये; हंगाम संपला की ते स्वतःच उठून जाते.

कृषी सहायकांसाठी एक सूचना. गावात पेट्या किती वाटल्या हे लिहिताना आणखी एक नोंद ठेवता येईल. फुलावर आलेल्या पिकात सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, वारा शांत असताना, दहा मिनिटे एकाच जागी उभे राहून फुलांवर आलेले कीटक मोजायचे: आग्या किती, फुलोरी किती, पेटीतल्या किती, काळा भुंगा किती, बाकीच्या बारीक माश्या किती. नावे येत नसतील तर मोठी-लहान, काळी-पट्टेरी एवढे पुरे. एकदा बांधालगत आणि एकदा शेताच्या मध्यभागी. दोडक्यात हेच दिवस मावळताना, बॅटरी घेऊन. मध्यभागी आणि बांधालगतच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर त्या शेतकऱ्याला फार काही समजावून सांगावे लागत नाही. गेल्या फेब्रुवारीत कांद्याच्या एका प्लॉटवर आम्ही असेच मोजत होतो. मालक आधी हसत होते, पाचव्या मिनिटाला त्यांनी स्वतःच पंप खाली ठेवला आणि मोजायला उभे राहिले.